पेढीवरचा हिशेब आणि पडद्यावरची कला

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. तेथे जाणारा प्रत्येक जण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. परंतु 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या कलावंताने चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बराच काळ जे काम केले, ते आजच्या फ्रीलान्स ग्राफिक डिझायनरच्या फार जवळचे होते. ‘मला दुकानात बसायचे नाही, संगणकावर डिझाइनचे स्वतंत्र काम करायचे आहे’ असे ज्या घरातील मुलगी किंवा मुलगा सांगू लागला आहे, त्या घराने फाळके यांच्या आयुष्याचा हा पूर्वार्ध अवश्य पाहावा.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तो चालला नाही. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली आणि लोणावळ्यात छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशी संबंधित कामही त्यांनी केले. 1909 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, रंगीत छपाईची नवी यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीस गेले. तीन वर्षांनी लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र शिकले. नवे साधन शिकण्यास वयाची अट नसते, हे पटवून देण्यासाठी नाशिककरांना दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

मात्र याच आयुष्याची दुसरी बाजू व्यापारी कुटुंबाला अधिक बोलकी वाटेल. छापखान्याच्या भागीदारांशी फाळके यांचे मतभेद झाले आणि ते आर्थिक लाभ न घेता बाहेर पडले. हातात कला होती, यंत्रांचे ज्ञान होते. व्यवहार मात्र हातातून निसटला.

आजच्या नवशिक्या डिझायनरचीही अडचण बहुधा येथेच असते. साधने आता हाताशी आहेत. इंकस्केप, क्रिटा, स्क्रायबस यांसारखी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉ अजून प्रचलित असल्यामुळे तेही शिकावे लागते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा रंग कागदावर मंद का उतरतो, हे पहिल्याच लग्नपत्रिकेच्या वेळी कळते: पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, तर छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या व काळ्या शाईने होते. प्रत्येक शाईसाठी वेगळा ठसा घेण्याचे तत्त्व फाळके यांच्या काळातील रंगीत छपाईतही होतेच.

मराठी मजकुराचे दुखणे आणखी निराळे आहे. जुन्या पत्रिका श्रीलिपीसारख्या प्रणालीत जुळविलेल्या असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये नुसता उचलून ठेवला तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. शिवाय अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी टंक सर्वांना विनामूल्य वापरता येतात. अर्थात चांगला टंक निवडला म्हणून शुद्धलेखन आपोआप सुधारत नाही! चातुर्मासाच्या पत्रिकेत महाराजसाहेबांचे नाव चुकले, तर ती चूक संगणकाची म्हणून कोणी सोडून देत नाही.

ही सारी कौशल्ये काही महिन्यांत हाती येऊ शकतात. दर कसा सांगावा, बयाणा कधी घ्यावा, ‘आणखी एकदा बदलून दे’ यास कितव्या वेळी नकार द्यावा, उधारी किती दिवस थांबवावी, हे मात्र संगणकाचा वर्ग शिकवत नाही. ते ज्ञान पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. दुर्दैवाने तीच पेढी घरच्या डिझायनरला पहिला फुकट्या ग्राहक म्हणून भेटते. काकांच्या दुकानाचा फलक, मामांच्या मसाल्याचे वेष्टन, मंडळाची आमंत्रणपत्रिका, सारे ‘घरचेच काम’. कापडाचा तागा मात्र घरच्या माणसाला देतानाही वहीत नोंदला जातो.

बोधचिन्ह करून घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही एक गोष्ट जाणून घ्यावी. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे मालकाकडे जातो. स्वतंत्र कलाकाराने रेखाटलेल्या बोधचिन्हाचे तसे नाही. पैसे चुकते केले म्हणून त्याचा प्रताधिकार आपोआप व्यापाऱ्याच्या नावे होत नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या 19 व्या कलमानुसार हक्काचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरताच हक्क मिळतो. नाशिकचा बेदाणा परदेशी पाठविणाऱ्या पेढीला हा शेवटचा तपशील महाग पडू शकतो. दोन पानांचा कागद दोन्ही पक्षांना वाचवतो आणि घरच्या डिझायनरचा पहिला करार मामांच्या मसाल्याच्या वेष्टनासाठी करण्यास काहीच हरकत नसावी.

1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर फाळके यांनी आपले काम नाशिकला आणले. पहिल्या चित्रपटाच्या भांडवलासाठी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. फिल्म धुण्यापासून तिला भोके पाडण्यापर्यंतची कामेही त्या शिकल्या. त्या घरात नवे साधन एकट्याने शिकले गेले नव्हते.