पडद्यावरची उडी आणि विहिरीतली उडी

वेरूळचे कैलास लेणे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, एका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेले हे देऊळ. त्यात रावणाचे एक शिल्प आहे. खाली रावण बसला आहे, वीस हातांनी कैलास हलवतो आहे, आणि वर शंकर-पार्वती आहेत.

काही वर्षांपूर्वी मी मुलांची एक सहल घेऊन तेथे गेलो होतो. सगळे फोटो काढण्यात दंग. एका पोराने मात्र मला विचारले, "सर, डोंगर हलतोय हे कशावरनं? दगड तर जागच्या जागीच आहे की!" मी म्हटले, पार्वतीकडे बघ. तिने शंकराचा दंड घट्ट धरला आहे, आणि तिच्या मागची दासी पाठ फिरवून पळते आहे. डोंगर हलला हे आपल्याला माणसांवरून कळते, डोंगरावरून नाही. शिल्पकाराच्या हाती एकच क्षण होता. आधी काय झाले आणि पुढे काय होणार, ते पाहणाऱ्याने स्वतः जोडायचे.

परत येताना गाडीत माझ्या मनात आले की सिनेमाही असाच. पडद्यावर हलते असे काहीच नसते. असतात ती थांबलेली चित्रे, ज्यांना फ्रेम म्हणतात. बोलपटात ती सेकंदाला २४ या वेगाने डोळ्यांपुढून जातात. आपल्या मोबाईलवर चित्रण केले तर बहुधा ३०. मधली हालचाल आपला मेंदू जुळवून घेतो. आता दोन चित्रांमध्ये किती वेळ गेला हे ठाऊक असेल, तर सिनेमा हे पदार्थविज्ञानाचे फार चांगले घड्याळ आहे. आणि ठाऊक नसेल, तर ते फसवे घड्याळ आहे. आजचे माझे बोलणे एवढ्याच गोष्टीविषयी आहे.

चित्रपटातले तुकडे दाखवून पदार्थविज्ञान शिकविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑर्लँडो येथील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात एफ्थिमिऊ आणि ल्यूएलिन या दोन प्राध्यापकांनी २००२ च्या सुमारास असा अभ्यासक्रमच सुरू केला. परंतु त्यासाठी अमेरिकेला जायला नको. आपल्याकडचे पहिले उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे सर्वांना पाठ असते. त्याआधी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरून त्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले होते. महिनाभराची वाढ प्रेक्षकाने बसल्या जागी पाहिली. पडद्यावरचे घड्याळ त्यांनी मुद्दाम बदलले होते.

येथे मुलांना घालण्यासारखे एक गणित आहे. फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतले आणि फीत मिनिटाहून थोडी जास्त झाली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. करा हिशेब. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे धरत. महिन्याची चित्रे झाली ३०, म्हणजे दोन सेकंदांचा खेळ! मिनिट भरायचे तर ९६० चित्रे हवीत. दिवसाला ३२, म्हणजे रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक. तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणार नाहीत. नववीच्या मुलांना हे विचारा. छापलेली गोष्ट आपल्याला तपासता येते, हे पाहून त्यांचे डोळे कसे चमकतात ते बघा.

जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु का पळतात, याचेही उत्तर ह्याच घड्याळात आहे. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत, सेकंदाला सुमारे १६ चित्रे घेत. तीच फीत २४ च्या वेगाने दाखविली की सगळे दीडपट वेगाने चालते. गंमत पुढेच आहे. वेग दीडपट झाला तरी पडणाऱ्या वस्तूचे त्वरण दीडपट होत नाही. ते दीडाच्या वर्गाइतके, म्हणजे सव्वादोन पट होते. आपल्या पृथ्वीवर ते दर सेकंदाला सेकंदी ३२ फूट. त्या पडद्यावर ते ७२ होते! फाळक्यांच्या 'कालियामर्दना'त (१९१९) त्यांची मुलगी मंदाकिनी हिने कृष्णाचे काम केले आहे. त्यातला पाण्याचा देखावा दोन्ही वेगांनी दाखवून पाहा. शिंतोडे कोणत्या पृथ्वीवर उडत आहेत, ते मुले आपणच सांगतात.

आता उलट बाजू. ही मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ती मला महागात पडलेली आहे.

'सैराट' (२०१६) सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. त्याच्या गाण्यांतली संथ गती आणि विहिरीतली उडी खेड्यातल्या पोरांना पाठ. त्यानंतर तर मोबाईलवर असल्या उड्यांचे पीकच आले. संथ गतीत उडी फार देखणी दिसते. माणूस हवेत तरंगतो, पाय जुळवतो, पाण्याची कळी उमलल्यासारखी होते. आणि वेग? वेग डोळ्यांना दिसतच नाही. तो घड्याळ बदलताना काढून घेतलेला असतो.

माझ्या वर्गातला खुलताबाद तालुक्यातला एक मुलगा वैशाखात आपल्या शेतातल्या विहिरीत असाच उतरला. मित्र काठावर मोबाईल धरून उभा. पावसाळ्यात त्याच विहिरीत ह्याने शंभरदा उड्या मारलेल्या. पण वैशाखात पाणी तळाला गेलेले. टाचेचे हाड मोडले, नडगीला चीर गेली. मी भेटायला गेलो तर वडील म्हणाले, "सर, पिच्चरमधल्याला तर काहीच होत नाही. ह्यालाच कसं झालं?" प्रश्न साधा होता, आणि उत्तर माझ्या विषयाचे होते. वर्षभर मी फळ्यावर सूत्रे लिहिली होती. त्यांतले एकही ह्या पोराबरोबर विहिरीच्या काठापर्यंत गेले नव्हते.

दोन महिन्यांनी तो कुबडी घेऊन वर्गात आला. ती चित्रफीत त्याने स्वतःच आणली. "सर, हिच्यावरच शिकवा," म्हणाला.

आम्ही ती संगणकावर घातली. व्हीएलसी नावाचे एक फुकट मिळणारे साधन आहे. त्यात 'ई' हे बटण दाबले की एकेक चित्र पुढे सरकते. काठ सोडल्यापासून पाण्याला पाय लागेपर्यंत मुलांनी चित्रे मोजली. सदतीस-अडतीस भरली. सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे सव्वा सेकंद. मित्राने हीच उडी चौपट संथ करून ठेवली होती. तीत ती पाच सेकंद चालत होती. पोरगा पाहत आला होता पाच सेकंदांच्या उड्या, आणि त्याच्या वाट्याला आला सव्वा सेकंद.

पुढचा हिशेब फुटांत करावा, कारण विहीर आपण फुटांतच सांगतो. उंचीचे वर्गमूळ काढा आणि चाराने भागा, म्हणजे सेकंद मिळतात. वर्गमुळाला आठाने गुणा, म्हणजे पाण्याला टेकतानाचा वेग मिळतो. ही विहीर ३० फूट खोल. पावसाळ्यात पाणी ९ फुटांवर येते. तेव्हा पाऊण सेकंद, आणि वेग सेकंदाला २४ फूट, म्हणजे तासाला सुमारे २६ किलोमीटर. वैशाखात पाणी २५ फुटांवर. वेग सेकंदाला ४० फूट, तासाला सुमारे ४४ किलोमीटर. मोटारसायकलवरून कोणी ह्या वेगाने भिंतीवर जाईल का?

पण वेगापेक्षा थांबण्याची जागा महत्त्वाची. पावसाळ्यात खाली २१ फूट पाणी होते. हवे तेवढे खोल जाऊन शरीर सावकाश थांबत होते. वैशाखात पाणी उरले पाच फूट. पंचवीस फुटांत कमावलेला वेग पाच फुटांत संपवायचा. पंचविसाला पाचाने भागा: सरासरीने शरीराच्या वजनाच्या पाचपट जोर, आणि स्वतःचे वजन धरले तर सहापट. तोसुद्धा पाण्याने शेवटपर्यंत सारखा दिला असता तर! प्रत्यक्षात पाणी थोडाच वेग खाते, उरलेला सगळा तळाच्या खडकाने एका क्षणात खाल्ला. मुले गप्प होती. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "म्हणजे आमच्या विहिरीचं पाणीपण मोजायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी सातजण आपापल्या विहिरींची मापे घेऊन आले. सुतळीला दगड बांधून मोजलेली.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्या शाळेत प्रयोगशाळा असेल नसेल, एक मोबाईल असतो. तुकडा मिनिटभराचाच दाखवा. जास्त दाखविलात तर मुले सिनेमा बघायला लागतात, आणि खरे सांगायचे तर आपणही. प्रथम आवाज बंद ठेवा. थांबवा, आणि पुढे काय होईल ते प्रत्येकाला वहीत लिहायला लावा. दिग्दर्शकाची चूक काढून हसण्यावर तास संपवू नका. नायकाची उंची साडेपाच फूट धरून पडद्यावरच्या विहिरीची उंची अंदाजता येते. त्यावरून खरा वेळ, आणि घड्याळात पाहिलेल्या वेळाशी ताडून चित्र कितीपट संथ केले ते. मात्र एक जपा. पुष्कळदा एकच उडी दोन कॅमेऱ्यांनी घेऊन पुन्हा पुन्हा जोडलेली असते. असा जोड नसलेला तुकडा निवडा.

आणि आधी आपल्या घड्याळाची परीक्षा घ्या. शाळेच्या वरच्या व्हरांड्यातून, बरोबर १६ फुटांवरून, चेंडू सोडा आणि चित्रण करा. मोजून ३० चित्रे आली तर मोबाईल सेकंदाला ३० चित्रे घेतो आहे. पंधराच आली तर त्याचा वेग निराळा, तोच धरून चाला.

त्या मुलांना घेऊन मी श्रावणात पुन्हा वेरूळला गेलो. एकोणतिसाव्या लेण्याजवळ पावसाळ्यात येळगंगेचा धबधबा कोसळतो. तेथल्या डोहाला सीतेची न्हाणी म्हणतात. काठापासून दूर, मोकळ्या जागी उभे राहून आम्ही चित्रण केले. फेसाचा एक पुंजका धरायचा आणि वरच्या कड्यापासून खालपर्यंत त्याची चित्रे मोजायची. पंचेचाळीस आली तर दीड सेकंद, म्हणजे उंची ३६ फूट, असा तो हिशेब. चार गटांची चार उत्तरे आली आणि गाडीत भांडण जुंपले. माझ्या मते चौघांचीही उत्तरे खऱ्यापेक्षा जास्तच होती, कारण फेसाला हवा अडवते, तो दगडाहून सावकाश पडतो. मी तसे बोलून दाखविले नाही. कुबडी सोडलेला तो मुलगा खिडकीशी बसून म्हणत होता, "फेस नको, पुढच्या वेळी पान धरू," आणि दुसरा त्याला सांगत होता की पान तर फेसाहूनही हळू पडेल.