दहा सिनेमे, पण सोमवार ते गुरुवार!

ऑक्टोबर २०२३मध्ये पीव्हीआर-आयनॉक्सचा ‘पासपोर्ट’ आला. महिन्याला ६९९ रुपये, सिनेमे दहा. म्हणजे एक पडला सत्तर रुपयांना. एवढ्यात इंटरव्हलचे पॉपकॉर्नही येत नाहीत, बॉस!

मेख अटींत होती. पास एकट्यापुरता, चालणार सोमवार ते गुरुवार, घ्यायचा किमान तीन महिन्यांसाठी. झाले की २,०९७ रुपये! तीन महिन्यांत सातच सिनेमे जमले, तर एकेक तीनशेला. २०२४मध्ये ३४९ रुपयांत चार सिनेमे आले. ते जरा झेपणारं. वार मात्र तेच.

आता पुण्यात नोकरी करणारी आपली जळगाव-धुळ्याची मंडळी बघा. सोमवार ते गुरुवार लॉगआऊटलाच आठ वाजतात. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स धरायची, रविवारी भरीत-भाकरी हाणून घरच्यांना सिनेमाला न्यायचं. तिथे पास काय कामाचा?

थेटर ऑफिसच्या शेजारी असेल आणि एकट्याने सिनेमा बघायला आवडत असेल, तर असा पास बिनधास्त घ्या. बाकीच्यांनी आधी मोबाइलमधली गेल्या तीन महिन्यांची तिकिटं काढून त्यांचे वार बघावेत. मी बघितले. सोमवार ते गुरुवारची निघाली दोन, त्यातलं एक दिवाळीच्या सुट्टीतलं. आईसोबतचं.