निवृत्तीनंतरचे प्रवास

पेन्शन घेतलेल्या गृहस्थाच्या मनोराज्यांत काशी-रामेश्वराचा मान पहिला. तथापि प्रवासांचा क्रम अंतरावरून किंवा पुण्यावरून न लावतां चढावरून लावावा; कारण गांठीं पैसा साठवितां येतो, गुडघ्यांतील बळ साठवितां येत नाहीं. गौरीकुंडाहून केदारनाथची चढण सुमारें १६ किलोमीटर. ती पहिल्याच वर्षीं उरकावी. रामेश्वर सपाटीवर आहे. तें मागाहून साधेल.

आमच्या डहाणू-तलासरीकडेही हाच नियम. संजाण पडल्यावर पारशांनीं आपला पवित्र अग्नि बहारोट डोंगराच्या गुहांत बारा वर्षें जपला, अशी परंपरा आहे; तो डोंगर आधीं चढावा. १९४५ च्या वारली उठावाचें झरी गांव, पायथ्याचें महालक्ष्मीमंदिर, डहाणूचा किनारा हीं सत्तरीनंतरही वाहनानें पाहतां येतात.

यादी करतांना प्रत्येक स्थळापुढें खर्चाबरोबर चढही लिहावा.