उसाची साखर पाहतो, आपली कधी पाहणार?



ऊस पक्व झाला की नाही, हे आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून, ब्रिक्स बघून सांगतो. नुसता पाला पिवळा दिसला म्हणून कोणी तोड देत नाही. माणसाचे निदान मात्र आपण चेहऱ्यावरून करून मोकळे होतो.

मागच्या हंगामात एका फडावर तोड चालू होती. सभासद साठीचे. घरधनीण गेल्यापासून मन खचलेले, नैराश्याचे औषध चालू, शिवाय मधुमेहाची गोळी. बांधावर बसले होते ते दरदरून घामाने भिजले, हात थरथरू लागले. "साहेब, जीव लई घाबरा झालाय. कायतरी इपरीत घडणार." शेजारी म्हणाले, "त्यांचं रोजचंच हाय." मी विचारले, "आबा, सकाळी काय खाल्लं?" "काय न्हाई. गोळी तेवढी घेतली." साखरेचे पाणी पाजले. पाव तासात आबा सावरले.

रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडते. त्याने छातीत धडधड, घाम, कंप सुटतो. चिंतेच्या झटक्यातही हेच होते, म्हणून गल्लत होते. उलट बाजूही आहे. सततच्या काळजीने कॉर्टिसॉल वाढते व साखर चढते. नैराश्यात जेवण, झोप, चालणे, औषध सगळेच चुकते आणि साखर आणखी बिघडते. मधुमेहींत नैराश्यही इतरांपेक्षा जास्त आढळते. अर्थात प्रत्येक घबराट साखरेची नसते. साखर बरोबर आली तरी घबराट खरीच असते; तिच्यावरही उपचार आहेत.

लक्षात ठेवा :

१. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवू नये.

२. घाम-कंप सुटल्यास साखर तपासावी. कमी असल्यास, किंवा यंत्र जवळ नसल्यास, तीन चमचे साखर (सुमारे १५ ग्रॅम) पाण्यातून घ्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे व नंतर जेवावे.

३. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. १०८ ला फोन करावा.

४. मनाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दोन्ही आजार एकाच डॉक्टरांच्या कानावर घालावेत.

५. मन फार खचल्यास १४४१६ वर बोलावे. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी टेली-मानस सेवा मोफत असून मराठीतही बोलता येते.

कारखान्यात साखरेचा उतारा वाढावा, सभासदाच्या रक्तात मात्र ती बेतात राहावी, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी