गुणपत्रिकेचा ताळेबंद

मे महिन्यात दहावीचा निकाल जाहीर झाला की सोलापुरात सात रस्त्यापासून पुढे प्रत्येक चौकात अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. मुलांची छायाचित्रे, त्याखाली टक्केवारी, त्याखाली शाळेचे किंवा शिकवणीवर्गाचे नाव. पेढ्यांच्या दुकानांत गर्दी होते. मुलांच्या कष्टाचे कौतुक झालेच पाहिजे, त्यात गैर काहीच नाही.

याच दिवसांत याच परिसरातील दुकानांत नवी मुले कामाला लागतात. त्यांतली बरीचशी महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळांतून शिकून आलेली असतात. गुणपत्रिकेवर साठ-सत्तर टक्के गुण असतात. ग्राहक चौऱ्याऐंशी रुपये किलोची वस्तू सव्वा किलो मागतो आणि मुलाचा हात आपोआप मोबाइलकडे जातो. गल्ल्यावर बसलेले शेठजी मनातल्या मनात चौऱ्याऐंशीचा चतकोर एकवीस धरून एकशे पाच रुपये सांगून मोकळे होतात. ‘आजकालची मुले’ म्हणून हा विषय सहसा तिथेच संपतो. खरे तर तो तिथे सुरू व्हायला हवा. गुणपत्रिका जे सांगते आणि मुलाला जे येते, त्यांत हा फरक कोठून येतो?

व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न समजण्यास अवघड नाही. प्रत्येक पेढीवर रोकडवही असते आणि बँकेचे पासबुकही असते. दोन्हींतील शिल्लक क्वचितच तंतोतंत जुळते. म्हणून महिन्याअखेरीस बँक जुळवणी पत्रक तयार करतात आणि फरक का पडला, ते एकेक नोंद पाहून शोधतात. शाळेने स्वतः घेतलेली परीक्षा ही शाळेची रोकडवही होय. बाहेरच्या संस्थेने येऊन केलेली चाचणी हे तिचे पासबुक. या दोहोंची जुळवणी मात्र आपल्याकडे फारशी कोणी करीत नाही.

प्रथम रोकडवही पाहू. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. सोलापूर जिल्हा ज्या पुणे विभागात येतो, त्याचा निकाल ९४.८१ टक्के होता. राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पुष्कळ विषयांत वीस गुण तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असून ते शाळेच्या हाती असतात. टक्केवारी काढताना उत्तम पाच विषयांचेच गुण धरण्याची सोय आहे. शिवाय क्रीडा व कला यांसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. यांपैकी प्रत्येक सवलतीमागे काही ना काही सद्हेतू आहे. पण तिन्ही एकत्र आल्या की अंतिम आकडा फुगतो आणि त्यावरून खरी शिल्लक कळेनाशी होते.

आता पासबुक पाहू. केंद्र शासनाच्या ‘परख’ या यंत्रणेमार्फत ४ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. देशातील ७८१ जिल्ह्यांतील सुमारे ७४ हजार शाळांतून तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून अधिक मुलांची चाचणी घेण्यात आली. या चाचणीत कोणत्याही मुलाला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवले जात नाही. मोजमाप होते ते व्यवस्थेचे. देशपातळीवरील गणिताचा सरासरी निकाल तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के असा उतरत गेला. सहावीतील शंभरापैकी केवळ त्रेपन्न मुलांना दहापर्यंतचे पाढे व बेरजेची कोष्टके नीट येत होती. तिसरीतील पंचावन्न मुलांनाच नव्याण्णवपर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या.

दहावीचा निकाल आणि हे सर्वेक्षण यांची मापे वेगळी आहेत. एका आकड्यातून दुसरा वजा करणे चुकीचे ठरेल. तरीही वर्ग वाढतो तसे गणित घटत जाते, एवढे मात्र स्पष्ट दिसते. पायाच कच्चा राहिला तर पुढच्या इयत्तेचा प्रत्येक धडा त्यावर चढवलेले ओझे ठरतो.

ज्या घरांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी तोंडपाठ असल्याशिवाय मुलाला पेढीच्या गादीवर बसू देत नसत, त्या घरांना त्रेपन्न या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. पाढे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, असे आज म्हटले जाते. परंतु ज्याला पाढे येत नाहीत त्याला भागाकार जड जातो. भागाकार जड गेला की अपूर्णांक, शेकडेवारी आणि व्याज यांची दारे एकामागून एक बंद होतात. अशा मुलाला पुढे कर्जाचा हप्ता, वजनातील काटछाट किंवा मजुरीचा हिशेब यांत कोणीही सहज फसवू शकतो. गुणपत्रिकेवरचे सत्तर टक्के त्या वेळी त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

वाचनाचे चित्रही बोलके आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी ग्रामीण भागात स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. देशातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ४४.२ टक्के मुलांना तो वाचता आला. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा ४४.८ टक्क्यांवर आले. तिसरीच्या सरकारी शाळांत तर २०१८ च्या २०.९ वरून २०२४ मध्ये २३.४ टक्के अशी वाढ झाली. म्हणजे बुडालेली रक्कम वसूल झाली आणि थोडी भरही पडली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंतच्या वाचन आणि अंकज्ञानावर दिलेला भर येथे उपयोगी पडला असावा. सरकारी शाळांत काहीच सुधारत नाही, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग चाचण्या वाढवाव्यात काय? येथे सावधगिरी हवी. मार्चअखेर ठेवींचे उद्दिष्ट गाठण्यासाठी ३१ तारखेला आलेली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघून गेलेली रक्कम बँकिंग क्षेत्राला अपरिचित नाही. आकड्यालाच बक्षीस लावले की माणसे काम सोडून आकडा सजवू लागतात. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या सरकारी शाळांत नेमके हेच घडले. चाचणीतील प्रगतीवर शाळांचे मानांकन आणि शिक्षकांची बढती-बक्षिसे अवलंबून होती. निकाल झपाट्याने सुधारले आणि शहराचे देशभर कौतुक झाले. पुढे राज्यपालांनी नेमलेल्या चौकशीचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला. ५६ शाळांची तपासणी झाली होती, त्यांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यांत गुंतलेले होते. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीच्या खुणा खोडून तेथे बरोबर खुणा केल्या गेल्या होत्या. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. मोठे नुकसान झाले ते मुलांचे. कागदावर उत्तम गुण असल्याने, ज्यांना खास मदतीची गरज होती, त्यांना ती मिळालीच नाही.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही मानत नाही. जो व्यवहार वहीत लिहिलाच गेला नाही, तो तेरजेत सापडत नाही. ज्या मुलाची अडचण कोणी नोंदवलीच नाही, ते मूल निकालाच्या सरासरीतही दिसत नाही.

सोलापुरात ही न नोंदलेली बाब पुष्कळदा भाषेची असते. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांचे संसार शेजारी शेजारी नांदतात. यंत्रमागावर किंवा विड्या वळण्याच्या कामावर जाणाऱ्या आईचे मूल घरी तेलुगू बोलते आणि शाळेत मराठीतून गणिताचे शाब्दिक उदाहरण सोडवते. त्याचे उत्तर चुकले तर त्याला गणित आले नाही की प्रश्नच कळला नाही, हे गुणांच्या रकान्यातून समजणार नाही. त्यासाठी शिक्षकाला त्या मुलाजवळ बसावे लागते.

असा बसणारा शिक्षक काय करू शकतो, याचे उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार, अशी तिची अवस्था होती. मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे पाहून ते स्वतः कन्नड शिकले आणि पाठ्यपुस्तकातील मजकूर त्यांनी मुलांच्या भाषेत आणला. पुस्तकांत क्यूआर कोड छापून त्याद्वारे कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मुलींची शंभर टक्के उपस्थिती हेही पुरस्काराच्या वेळी गौरविले गेले. येथे आधी मुलाची अडचण ओळखली गेली आणि मग उपाय झाला. आकडे त्यानंतर सुधारले. अटलांटात हा क्रम उलटा होता.

व्यापारी कुटुंबांची स्वतःची मुले आज बहुधा खासगी इंग्रजी शाळांत जातात. त्यामुळे सरकारी शाळेचा निकाल हा परक्याचा विषय वाटू शकतो. पण दुकानातला नोकर, गोदामातला हमाल, घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई यांची मुले तेथेच शिकतात. त्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट करण्याजोगी आहे. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा होते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांना ती देता येते. सातवीत सर्वसाधारण प्रवर्गासाठी ५५ टक्के गुण आवश्यक असतात. निवड झाल्यास, अटी पाळल्या की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार होतात. नववीत शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलाला शाळेतच ठेवण्यासाठी ही रक्कम लहान नाही.

अडचण अनेकदा बुद्धीची नसते, तर कागदाची असते. उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी हेलपाटे घालायचे तर दिवसाची मजुरी बुडते. बँकेतील खाते बंद पडलेले असते किंवा नावाचे स्पेलिंग आधारशी जुळत नाही. ज्या पेढ्यांवर वर्षभर विवरणपत्रे आणि चलने भरली जातात, तेथे असा एक अर्ज पूर्ण करून देणे तासाभराचे काम आहे. दिवाळीला वह्यांचे वाटप होतेच. त्याबरोबर ‘तुझा मुलगा कितवीत आहे?’ एवढे विचारले, तर योग्य वेळी योग्य अर्ज भरला जाईल.

स्वतःच्या घरातही जुळवणी करून पाहण्यास हरकत नाही. इयत्ता आणि टक्केवारी बाजूला ठेवून मुलाला वर्तमानपत्रातील एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावा व त्याचा अर्थ विचारावा. बाजारातून आणलेल्या सामानाच्या पावतीची बेरीज यंत्राशिवाय करायला द्यावी. न आल्यास रागावू नये. तो मुलाचा अपराध नाही, ती न सापडलेली नोंद आहे. महागड्या शाळेतही अशा नोंदी निघतात, हे पाहून अनेक पालकांना आश्चर्य वाटेल.

पुढच्या मे महिन्यात सात रस्त्यावर पुन्हा फलक लागतील आणि पुन्हा पेढे वाटले जातील. त्याच दिवसांत दुकानात नवा मुलगा कामाला येईल. त्याला सव्वा किलोचा हिशेब आला नाही, तर दुपारी गिऱ्हाईक कमी असताना त्याला जवळ बसवून सवायकी शिकवावी. तेवढी सवड प्रत्येक पेढीवर असते.