गाडीतली रात्र, अम्मींचं मशीन आणि विजेचा हिशेब

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीट काढून झोपायची सोय करायची आणि सुट्टीत सगळं घर घेऊन निघायचं, ही हौस आता आपल्या मोहल्ल्यांतही दिसू लागली आहे. मिरजेहून बिदरला महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा मुलांना दाखवायचा म्हटलं, तर वाटेत एक रात्र गाडीत सहज काढता येते. तरणी माणसं मोबाइलच्या उजेडातही रात्र काढतील. पण सोबत दम्याच्या अम्मी असतील, अब्बांचं इन्सुलिन असेल, तर गाडीतली वीज ही हौसेची बाब राहत नाही. रात्री अडीचला नेब्युलायझर सुरू व्हायलाच हवा.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती एएचची बॅटरी देऊ?’ याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, ते आपल्या घरात असतं. आम्ही शाळेत वॉट आणि तासांचा गुणाकार मुलांकडून घोटून घेतो, पण घरच्या वस्तूंसाठी तो कुणी मांडत नाही. मांडून पाहू. नेब्युलायझर १२० वॉटचा, दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे ६० वॉट-तास. बारा व्होल्टवर चालणारे २० वॉटचे दोन पंखे आठ तास, ३२०. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॉटचा, पण तो थांबून-थांबून चालतो, दिवसभराचे साधारण ३६०. दिवे ८०, सगळ्यांचे मोबाइल ८०. बेरीज ९००. वाटेत वाया जाणारी वीज धरून १००० वॉट-तास समजा.

या यादीत एसी नाही, हे लगेच लक्षात येईल. बॅटरीवरचा छोटा एसीसुद्धा ताशी ५०० वॉटच्या घरात खातो. आठ तासांचे ४००० झाले, म्हणजे बाकी सगळ्या घराच्या चौपट. मग लोक पळवाट काढतात : इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी लावायचा आणि काचा बंद करून झोपायचं. हे कदापि करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. अशा बंद गाड्यांत माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. आमच्या मते उन्हाळ्यात जाळीच्या खिडक्या आणि दोन पंखे एवढ्यावर भागवावं, नाहीतर सरळ लॉजवर उतरावं.

आता बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी गाडीत बसवण्याचा मोह होतो. ती पन्नास-साठ किलोंची असते, हिंदकळली की अ‍ॅसिड सांडतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तोही माणसं झोपतात तिथेच. शिवाय अशी बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर बसते. म्हणजे १००० वॉट-तासांसाठी १२ व्होल्टच्या १०० एएचच्या दोन लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची एकच बॅटरी जेमतेम पुरते, वजन बारा-तेरा किलो. महाग पडते हे खरं, पण वर्षातून दोनदाच निघणार असाल तर एक रात्र लॉजचं भाडं स्वस्त पडेल. तोही हिशेब करून पाहावा.

ही बॅटरी गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीपासून वेगळीच हवी, नाहीतर फजरनंतर निघताना धक्का मारायची पाळी. दोन्हींच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावतात. ३० अ‍ॅम्पिअरचा असेल तर तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात रात्रीची वीज भरून निघते. इन्व्हर्टर ६०० वॉटचा, शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. नेब्युलायझरची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते. त्यावर चहाची किटली मात्र लावू नका. १५०० वॉटची किटली बारा व्होल्टच्या तारेतून सव्वाशेहून अधिक अ‍ॅम्पिअर खेचते.

आणि फ्यूज. कारागीर घाईत असला की हाच राहून जातो, म्हणून पैसे देण्याआधी स्वतः वाकून पाहावं. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. बारा व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पण तार कुठे पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी शेकडो अ‍ॅम्पिअर ओतते, तार लाल होते आणि गादी पेटते. इन्व्हर्टरची तार आखूड आणि जाड, १६ चौरस मिलिमीटरची, तिच्यावर ८० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज ठीक. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी बुश. पाना हातात घेण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. दोन टोकांमध्ये अडकलेली अंगठी बोट भाजते.

सीट काढणं, छत कापणं हे बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नयेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

इन्सुलिनसाठी फ्रिज लागतोच असं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, गोठलं तर मात्र फेकून द्यावं लागतं. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. आपल्या पेनचं डॉक्टरांना विचारून घ्यावं. एक-दोन रात्रींच्या प्रवासात ओल्या कापडाने गुंडाळलेलं लहानसं मडकं पुरतं. पेन पिशवीत बांधून त्यात ठेवायचं. दादींच्या काळच्या या फ्रिजला एक वॉटही लागत नाही.

सगळं बसवून झालं की लांब निघण्याआधी एक रात्र घराच्या दारात गाडीत झोपून काढा. पंखे, फ्रिज, नेब्युलायझर, सगळं नेहमीसारखं चालवा. लिथियम बॅटरीत नुसत्या व्होल्टेजवरून शिल्लक कळत नाही, म्हणून किती वीज गेली ते मोजणारा शंट मीटर लावून घ्या आणि सकाळी त्यावरचा आकडा वहीत लिहा. ३० टक्के उरलेली दिसली तर निघायला हरकत नाही. दहाच उरली, तर एक पंखा कमी करा किंवा मुक्कामासाठी वीज असलेली जागा शोधा.