भाड्याच्या यंत्रावरील मास्टरनोड

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील जीं मुलें संगणकाच्या नोकरीसाठीं पुण्या-मुंबईस गेलीं, त्यांपैकीं कांहींच्या तोंडून अलीकडे ‘मास्टरनोड’ हा शब्द ऐकूं येतो. सुटींत घरीं आलीं म्हणजे तीं वडिलांस सांगतात कीं, थोडें आभासी चलन विकत घेऊन अडकवून ठेवावें, एक सर्व्हर महिन्याच्या भाड्यानें घ्यावा, म्हणजे घरबसल्या उत्पन्न सुरू होतें. वडिलांच्या हातीं नुकतीच भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आलेली असते. तेव्हां या व्यवहारांत भाड्यानें काय घेतलें जातें, अडकून काय पडतें आणि घरींच काय ठेवावयाचें असतें, हें उलगडून सांगण्याचा आज माझा विचार आहे.

उदाहरणासाठीं डॅश हें चलन घेतों, कारण मास्टरनोडची पद्धत रूढ झाली ती याच चलनामुळें. इव्हान डफील्ड या प्रोग्रॅमरनें तें जानेवारी २०१४ मध्यें सुरू केलें. प्रथम त्याचें नांव एक्सकॉइन, मग डार्ककॉइन, आणि मार्च २०१५ पासून डॅश. बिटकॉइनप्रमाणेंच यांतही एक सार्वजनिक खातेवही असते. कोणीं कोणास किती दिलें याची नोंद तींत होते. साधारण दर अडीच मिनिटांनीं नोंदींचें एक नवें पान वहीस जोडलें जातें. त्या पानास ब्लॉक म्हणतात. पान जोडण्याचें काम ‘मायनर’ करतात. परंतु वहीची संपूर्ण प्रत रात्रंदिवस उघडी ठेवणें, व्यवहार कांहीं क्षणांत पक्के करणें, जोडलेलें पान मागाहून कोणीं बदलूं नये म्हणून त्यावर सामुदायिक शिक्का उठविणें, हीं कामें दुसऱ्या फळीकडे सोंपविलेलीं आहेत. ती फळी मास्टरनोडांची. नांवांत ‘मास्टर’ असला तरी तो कोणास शिकवीत नाहीं. त्याचें काम कारकुनाचें व पहारेकऱ्याचें. प्रत्येक पानाबरोबर निघणाऱ्या नव्या चलनाचा एक हिस्सा या फळीस मिळतो, आणि तो पाळीपाळीनें एकेका मास्टरनोडाच्या पदरीं पडतो.

हें काम करण्याचा अधिकार मिळविण्यासाठीं १,००० डॅश स्वतःजवळ असल्याचें सिद्ध करावें लागतें. ही अट कां? अट नसती तर एखाद्या धूर्तानें दहा हजार नांवांनीं यंत्रें उभीं करून सारी फळी आपल्या हातीं घेतली असती. येथें ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, ते १,००० डॅश कोणाच्याही स्वाधीन करावयाचे नसतात. ते आपल्याच पत्त्यावर, आपल्याच किल्लीखालीं राहतात. खर्च केले तर तत्क्षणीं नांव यादींतून उडतें, एवढेंच.

आतां भाड्याच्या यंत्राकडे वळूं. ‘क्लाउड’ म्हणजे ढग खरा, परंतु यंत्र जमिनीवरच्या इमारतींतच असतें. मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें पुण्यास आणि अमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईस असें केंद्र उघडलें. खामगांवच्या बाजारांत जसा गाळा भाड्यानें मिळतो, तसा तेथील यंत्राचा एक भाग भाड्यानें मिळतो. घरचा संगणक चालत नाहीं असें नाहीं. पण मास्टरनोडास इंटरनेटवर एक कायमचा पत्ता लागतो व अखंड वीज लागते. मेहकर-लोणारकडील श्रोत्यांस यापुढें सांगावयास नको.

गाळा दुसऱ्याचा म्हटल्यावर तिजोरी तेथें ठेवावयाची नसते. डॅशमध्यें २०१९ पासून किल्ल्या वेगवेगळ्या केलेल्या आहेत: एक मालकाची, एक मतदानाची, एक यंत्र चालविणाराची, आणि ज्या किल्लीनें ते १,००० डॅश उघडतात ती निराळीच. भाड्याच्या यंत्रावर फक्त चालविणाराची किल्ली असते. यंत्र फोडणारा चोर फार तर तुमचें काम बंद पाडील, परंतु मुद्दलास हात लावूं शकणार नाहीं. मालक नवी किल्ली नेमून दुसरें यंत्र उभें करतो. यंत्र बंद पडल्यास दोषांक वाढतात व अखेर पाळी जाते. मात्र मुद्दलांतून दंड कापला जात नाहीं.

घरमालकाची मर्जी हें प्रकरण वेगळें. जर्मनीच्या हेट्झनर कंपनीनें नोव्हेंबर २०२२ मध्यें सोलाना या दुसऱ्या चलनाचीं शेंकडों यंत्रें बंद केलीं. असला वापर तिच्या करारांत बसत नव्हता. म्हणून भाडें भरण्यापूर्वीं करार वाचावा.

किल्ली आपल्याजवळ नसली म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. गेनबिटकॉइन योजनेंत, ‘क्लाउड’वरील खाणकामाच्या नांवाखालीं, अठरा महिने दरमहा शेंकडा दहा परतावा देण्याचें आश्वासन होतें. २०१८ मध्यें पुणें पोलिसांनीं त्या प्रकरणीं धरपकड केली. लोकांनीं बिटकॉइन योजनेच्या हवालीं केले होते. मास्टरनोडच्या नांवानें ‘चलन आमच्याकडे पाठवा’ असें कोणी म्हणेल, तर तो मास्टरनोड नव्हे.

हिशेबाचा भाग उरला. बुलडाणा अर्बनसारख्या पतसंस्थेंतील मुदतठेवीवर व्याज रुपयांत मिळतें, मुद्दलही रुपयांतच. येथें दोन्ही डॅशमध्यें. समजा, वर्षास शेंकडा सहा मिळाले. १,००० चे १,०६० झाले. तेवढ्यांत भाव निम्म्यावर आला, तर हातीं उरलें मूळच्या ५३० इतकें. हें कल्पित उदाहरण सौम्य आहे. डिसेंबर २०१७ मध्यें एका डॅशचा भाव दीड हजार डॉलरांवर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्यें तो शंभराच्या खालीं होता. पंधरा लाख डॉलरांचें मुद्दल एका वर्षांत एक लाखाच्या आंत! भेंडवळच्या घटमांडणींत अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या पहांटे पावसाचें भाकीत सांगतात; चलनाच्या भावाचें भाकीत सांगणारांस मी त्याहून वरची पायरी देणार नाहीं.

शिवाय सरकारचा वांटा आहे. १ एप्रिल २०२२ पासून असें चलन विकून झालेल्या नफ्यावर शेंकडा तीस कर आहे, वर अधिभार वेगळा. त्या नफ्यांतून खरेदीची किंमत तेवढी वजा होते. सर्व्हरचें भाडें वजा होत नाहीं, आणि एका चलनांतील तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतूनही वळता होत नाहीं. उत्पन्नाचे आंकडे दाखविणाऱ्या कोष्टकांत हा रकाना सहसा नसतो.

ज्या तरुणास ही विद्या शिकण्याचीच हौस आहे, त्यास एक मार्ग मोकळा आहे. डॅशचें परीक्षणासाठीं वेगळें जाळें असतें. तेथील चलनास बाजारांत किंमत नाहीं व तें फुकट मिळतें. त्यावर मास्टरनोड उभारावा, मुद्दाम बंद पाडावा, किल्ली बदलून पुन्हां चालवावा. खर्च होतो तो सर्व्हरच्या भाड्याचा, आणि तो महिन्याच्या महिन्यास थांबवितां येतो.